पाचवा बिंदू

दर महिन्याच्या एक तारखेला मी एक फोटो काढत असे. जेवणाच्या टेबलावर त्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरायचं, तारीख दिसेल असं. त्यावर प्लास्टिकचं सीलबंद पाकीट ठेवायचं आणि पाकिटाशेजारी आपला डावा हात. हात माझाच आहे हे ओळखायला करंगळीवरचा व्रण पुरेसा होता. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बाहेरगावचे फोन हातानं जोडायच्या ट्रंक बोर्डाच्या फाटक्या पत्र्यानं ती करंगळी कापली, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आता ऐंशीची आहे. छापील वर्तमानपत्र घेणारी आमच्या इमारतीत मी एकटीच उरले, आणि तेही खरं सांगायचं तर वाचायला कमी, या फोटोसाठी जास्त.

फोटोचा अर्थ एवढाच, की आजच्या तारखेला कार्ड माझ्याकडे आहे आणि सील फुटलेलं नाही. एक प्रत जागतिक नोंदणी परिषदेकडे जायची. दुसरी प्रत मी मारिसोलला पाठवायची, ती नियमात नव्हती. तीही मला तिचा फोटो पाठवायची. तिचा हात गोरा, सुरकुतलेला, नखांत माती. मारिसोल चिलीच्या अगदी दक्षिण टोकाला, पुंता अरेनास गावात राहते. पलीकडे थोडं पाणी, आणि मग बर्फच. जहाजांना हवामान सांगणाऱ्या रेडिओ केंद्रावर तिनं नोकरी केली. माझ्यासारखीच, कानाला हेडफोन लावून आयुष्य काढलेली बाई.

कार्डाचं काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

नेटवर कुठलंही नाव टाकलं, बँकेचं, इस्पितळाचं, कुणाच्या फोनचं, की ते कुठल्या यंत्रावर सापडेल हे आधी विचारावं लागतं. विचारत विचारत गेलं की शेवटी एका मूळ नोंदवहीपाशी पोचतो. साऱ्या जगाची मिळून ती एकच होती. ती खरी आहे, मध्ये कुणी पान बदललेलं नाही, हे पटावं म्हणून तिच्यावर गणिती सही असायची. सही करणारी किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांचे पत्ते. म्हणून ती किल्ली कुठल्याच यंत्रात अखंड ठेवायची नाही असं ठरलं. तिचे सात तुकडे केले आणि सात देशांतल्या सात साध्या माणसांना दिले; त्यांतली एक मी, एक मारिसोल. माणूस सरकारी नको, कंपनीचा नको. मी निवृत्त झालेली, बोर्ड बंद पडल्यावर डेटा नेटवर्कमध्ये पंचवीस वर्षं काढलेली, एकटी राहणारी. माझं नाव कुणी सुचवलं, मला आजवर कळलं नाही.

तुकडे म्हणजे काही पोळीचे तुकडे नव्हेत. शाळेतला आलेखाचा कागद आठवा. एकच बिंदू दिला तर त्यातून हव्या तितक्या रेषा जातात. दोन दिले की एकच रेषा. तशीच एक वळणावळणाची रेघ असते, जिला पाच बिंदू लागतात. आमचं प्रत्येक कार्ड म्हणजे त्या वळणावरचा एक बिंदू. कुठलेही पाच जमले की वळण पुरं होतं, किल्ली तासाभरासाठी जुळते, पुढच्या पाच वर्षांची सही करते आणि पुसली जाते. चारच जमले तर थोडीसुद्धा किल्ली मिळत नाही. चार बिंदूंना काहीच माहीत नसतं. हे गणित मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मारिसोलला म्हटलं होतं, "चार जणांपेक्षा एकटा बरा, त्याला निदान आशा तरी नसते." ती खूप हसली होती.

आमचं बोलणं दर रविवारी, इथल्या संध्याकाळी साडेसहाला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे दहा. ती स्पॅनिश बोलायची, यंत्र मला मराठीत ऐकवायचं. यंत्राचा आवाज सपाट, बँकेतल्या बाईसारखा. मारिसोल मला 'तुम्ही' म्हणते असं ते ऐकवायचं, आणि मी दर वेळी म्हणायची, "अगं, मला तू म्हण," आणि यंत्र तिला तेही अदबीनं सांगायचं. शेवटी फोन ठेवताना मी माझी जुनी सवय पाळायची. ट्रंक बोर्डावर दोन टोकं जोडणारी कॉर्ड ओढण्याआधी आम्ही लाइनवर येऊन विचारायचो, "बोलणं झालं?" दोन्ही टोकांकडून 'झालं' आल्याशिवाय कॉर्ड काढायची नाही. मारिसोलला ही पद्धत इतकी आवडली की तिनं ते दोन शब्द माझ्याकडून देवनागरीत लिहून मागवले आणि फ्रिजवर चिकटवले.

मागच्या मे महिन्यात शैलजा माझ्याकडे आली. शैलजा अक्कलकोटे ही राष्ट्रीय आंतरजाल प्राधिकरणाची संचालक. वीस वर्षांपूर्वी ती पुण्याला माझ्या हाताखाली शिकत होती. दिल्लीहून आली ती सरळ घरी, शेंगापोळीचा डबा घेऊन. बाहेर त्रेचाळीस डिग्री. कूलरसमोर बसून ती आधी दोन तांबे पाणी प्यायली.

"ताई, कायदा झालाय. एक जूनपासून लागू. देशातला तुकडा देशाकडे जमा करायचा. तुमचा एकच आहे, तेव्हा कायदा तुमच्यासाठीच केला म्हणा की."

"एवढा मान मला कुणी दिला नव्हता."

"चेष्टा राहू द्या. मी मुद्दाम स्वतः आले. दुसरा कुणी आला असता तर त्यानं नोटीस दिली असती."

"आणि तू पोळ्या दिल्यास."

ती हसली नाही. तिनं मला त्या बेटावरच्या देशाची गोष्ट सांगितली. मला ती ठाऊक होती, पण मी ऐकून घेतली. आदल्या वर्षी परिषदेनं, ज्या देशात तिची कचेरी होती तिथल्या न्यायालयाच्या हुकमावरून, त्या छोट्या देशाच्या सगळ्या नोंदी चार दिवस काढून टाकल्या होत्या. भांडण दोन सरकारांचं होतं. बंद पडली ती इस्पितळं.

"चार दिवस, ताई. डायलिसिसच्या याद्या उघडत नव्हत्या. उद्या आपल्यावर तसा हुकूम आला तर? आपल्या एकशेसाठ कोटी लोकांचे पत्ते परक्या खोलीत का ठेवायचे, सांगा."

"आणि आपल्या खोलीत ठेवले म्हणजे कुणी काढणार नाही?"

"आपल्याला निदान विचारता तरी येईल."

मला एक्स्चेंजमधली एक दुपार आठवली. गावात काही गडबड झाली होती, आणि सुपरवायझर चिठ्ठी घेऊन आले होते की वरून आदेश आहे, बाहेरगावच्या लाइनी बंद. फोन लावायला आलेली अकरा माणसं बाकावर बसली होती. त्यांतल्या एकाही माणसाला विचारता आलं नव्हतं. आदेश आपल्याच माणसांचा होता. पण शैलजाचं बेटही खोटं नव्हतं. दोन्ही खरंच होतं.

"नैरोबीला नऊ जूनला सही आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. सातातला एक वारला. एकीनं तिच्या सरकारकडे जमा केला, म्हणजे तुमच्या नियमानं तो बाद. नवे सभासद नेमायला सगळ्या देशांची संमती लागते, ती तीन वर्षं मिळत नाहीये. उरलात पाच." तिनं पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "तुम्ही गेला नाहीत तर चार."

"मग?"

"मग जुन्या सहीची मुदत त्या दिवशी संपेल. प्रत्येक देश आपली नोंदवही सुरू करेल. आपली तयार आहे. देशातलं सगळं चालेल, काही बिघडणार नाही. परदेशी बोलायचं तर देशद्वारातून, परवानगी घेऊन."

"मारिसोलशी?"

"कोण मारिसोल?"

मी सांगितलं. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "रविवारपर्यंत सांगा. मी सोमवारी येते."

त्या आठवड्यात मला सारखी सरोजा आठवत होती.

सरोजा रायचूरच्या बोर्डावर होती. सोलापूर-रायचूर लाइनवर दुपारी काम कमी असायचं, तेव्हा आम्ही बोलायचो. ती कन्नड, मी मराठी, मध्ये थोडं हिंदी. नऊ वर्षं. तिच्या धाकट्या भावाचं लग्न, तिचा पहिला पगार कापला गेला ते, तिला कुणी पसंत केलं आणि कुणी नाही, मला सगळं ठाऊक. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. मग थेट डायल करायची सोय आली आणि एका मंगळवारी दुपारी बोर्ड बंद झाला. आम्हाला तारीख कळवली होती, पण ती पुढं ढकलली जाईल असं सगळे म्हणत होते. मी कामावर गेले तर कॉर्ड गुंडाळून ठेवलेल्या.

मला सरोजाचा घरचा पत्ता माहीत नव्हता. नऊ वर्षांत कधी विचारला नव्हता. लाइन हाताशी होती, मग पत्ता कशाला? ऑपरेटरखेरीज ही चूक कुणी करणार नाही. पुढं दोनदा रायचूरला जाऊन आले. कुणी म्हणालं बदली झाली, कुणी म्हणालं लग्न होऊन गेली. आडनाव कुणाला आठवेना. मलाही ते माहीत नव्हतं.

रविवारी साडेसहाला मारिसोल आली. पडद्यावर नेहमीसारखी, खांद्यापर्यंत. मागं फ्रिज.

"तिकडे थंडी पडली का?" मी विचारलं.

"पाण्याच्या नळीत बर्फ झाला. आज कोंबड्यांना गरम पाणी दिलं. तुम्ही कशा आहात?"

"उकडून निघालेय. तू म्हण."

मग तीच म्हणाली, "आमच्याकडचे लोक दोनदा येऊन गेले. कागद घेऊन. मला भीती वाटते."

यंत्रानं ते अगदी सपाट सांगितलं, पुढची गाडी अमुक फलाटावर येईल असं सांगावं तसं. बोर्डावर असताना मी माणसाच्या श्वासावरून ओळखायची, घाबरलेला मागं सरतोय की पुढं. इथं श्वास यंत्रात गाळून निघाला होता. मला विचारायला हवं होतं. भीती वाटते, मग काय करणार आहेस? एवढं एकच वाक्य.

"मलाही," मी म्हटलं.

मग आम्ही कोंबड्यांवर बोललो, तिच्या भाचीच्या लग्नावर बोललो. फोन ठेवताना 'बोलणं झालं?' मी विचारलंच नाही. ती 'नाही' म्हणेल अशी मला धास्ती होती. ती 'नाही' म्हणाली असती तर मला नैरोबीला जावं लागलं असतं. तिनं हात हलवला, मी हलवला, पडदा काळा झाला.

रात्रभर मी स्वतःशी हिशेब मांडला, की मारिसोल घाबरली, म्हणजे ती देणार. तिनं कार्ड दिलं म्हणजे चारच उरले. मग मी कायदा मोडून, गुडघे घेऊन, दोन विमानं बदलून जाण्यात काय अर्थ? हिशेब अगदी बरोबर होता. फक्त त्यातला पहिला आकडा मी कुणाला विचारला नव्हता.

सोमवारी शैलजा आली. मी लोखंडी कपाटातून पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं नंबर दोनदा ताडून पाहिला, कात्रीनं पाकिटाचा कोपरा कापला, आणि मला पोचपावती दिली. तिला आनंद झाला असेल असं वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही.

"विचार करून देताय ना, ताई?"

"पंधरा वर्षं सांभाळलं. आता कपाटात जागा होईल."

"कशाला लागते तुम्हाला जागा," ती म्हणाली आणि पाकीट बॅगेत टाकलं.

पुढच्या रविवारी मी फोन लावला नाही. तिकडूनही आला नाही. तिलाही लाज वाटत असेल, असं मी धरून चालले.

नऊ जूनला परिषदेनं सहीचा कार्यक्रम सगळ्या जगाला दाखवला. दुपारी दोनला सुरू होणार होता, मी दीडपासूनच बसले. नैरोबीतली एक पांढरी खोली, लांब टेबल, पाच खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर नावाची चिठ्ठी. माझीही होती. दार उघडलं आणि एकेक जण आत आला. तिसरी आली ती काठी टेकत, निळा कोट घातलेली, ठेंगणी बाई. चेहरा कॅमेऱ्याकडे वळेपर्यंत मी तिला ओळखलं नाही. इतक्या वर्षांत मी तिला खांद्याखाली कधी पाहिलंच नव्हतं. मारिसोल इतकी बुटकी असेल हे मला कसं कळणार?

तिनं पिशवीतून पाकीट काढून समोर ठेवलं. सील शाबूत होतं.

नियमाप्रमाणे प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारलं. "मंदाकिनी दुधनीकर, सोलापूर." पुकारणाऱ्याला दुधनीकर नीट जमेना. तिन्ही वेळा मारिसोलनं दाराकडे मान वळवली. तिसऱ्या वेळेनंतर ती बराच वेळ तशीच बघत राहिली.

वाट पाहायला दोन तास दिले होते. माझा फोन माझ्या मांडीवर होता. सही अजून जिवंत होती, म्हणजे तिला फोन लागला असता. पडद्यावर तिच्याही हातात फोन होता. ती एकदा त्याच्याकडे पाहायची, एकदा दाराकडे. मी पुष्कळदा तिचं नाव काढलं आणि बोट बाजूला घेतलं. काय सांगणार होते? मी घरीच आहे, तू घाबरलीस असं मला वाटलं, आणि मला ते सोयीचं होतं?

चार वाजता अध्यक्षांनी एक कागद वाचला. चौघांनी आपापली पाकिटं उचलली. मारिसोलला उठायला शेजारच्यानं हात दिला.

जग काही कोसळलं नाही. भाजीवाल्याचे पैसे जात होते, डॉक्टरची वेळ मिळत होती, रेल्वेची तिकिटं निघत होती. शैलजा खोटं बोलली नव्हती. फक्त मारिसोलचं नाव दाबलं की 'नोंद नाही' असं यायचं. देशद्वाराचा अर्ज मी भरून पाहिला. परदेशातल्या व्यक्तीशी नातं या रकान्यात चार पर्याय होते: पालक, अपत्य, जोडीदार, व्यावसायिक. मैत्रीण नव्हतं. 'इतर' हाही पर्याय नव्हता. आणि पत्त्याचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. मारिसोलचा पत्ता माझ्याकडे नव्हता. एवढी वर्षं, दर रविवारी, आणि याही वेळी मी तो विचारला नव्हता.

जुलैमध्ये शैलजा आली, कामासाठी नाही, सहज. तब्येतीची चौकशी झाली, चहा झाला. मी नैरोबीचं काहीच काढलं नाही. तिनंच काढलं.

"एक सांगू का, ताई? विमानतळावर द्यायची यादी माझ्या सहीनं जायची. एक जूननंतर ज्यांना अडवायचं त्यांची."

"हं."

"तुमचं नाव मी त्यात टाकलं नव्हतं."

मी कप खाली ठेवला.

"माझं मत माझ्यापाशी होतं, आणि अजून तेच आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही आयुष्यभर लोकांना जोडून दिलंत. तुम्हाला दारात अडवायचं माझ्याच्यानं होईना. तुम्ही जाणार असं धरूनच, निघायला वेळ मिळावा म्हणून मी रविवारपर्यंतची मुदत दिली होती."

"मला सांगितलं का नाहीस, शैला?"

"मी कसं सांगणार? तुम्ही विचारायचं होतं की."

साडेसहाची सवय सुटायला वेळ लागला. रविवारी मी त्या वेळी कपडे घडी घालायला घेते. घड्या लवकर संपतात. खिडकीतून समोरच्या इमारतीतले दिवे एकेक लागताना दिसतात. कोणत्या घरी कोण राहतं, मला माहीत नाही.

ऑगस्टच्या शेवटी पोस्टमन वर आला. त्याच्या हातात जाड पिवळसर पाकीट होतं, त्यावर अनोळखी तिकिटं.

"मावशी, हे तुमचंच का बघा. जुन्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर आलंय. तिथं आता कोण नाही. पानवाला म्हणाला, ट्रंक बोर्डावरच्या एक बाई सात रस्ता भागात राहतात."

पाकिटावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मंदा, टेलिफोन ऑपरेटर, सोलापूर, भारत. मागच्या बाजूला तिचा पूर्ण पत्ता, घर नंबरासकट, इतक्या मोठ्या अक्षरांत की चष्म्याशिवाय वाचता यावा. तिला ही अक्कल माझ्याआधी आली होती.

आत एकच फोटो होता, कागदावर छापलेला. तिच्या गावचं वर्तमानपत्र, तारीख एक जुलै. त्यावर सीलबंद पाकीट. शेजारी तिचा हात, नखांत माती. आता त्या कार्डाला जगात काही किंमत नाही. एक काय, चार बिंदू असले तरी त्यांतून काही निघत नाही. तरी तिनं एक तारीख पाळली होती.

फोटो उलटा केला. मागं देवनागरी अक्षरं होती, फ्रिजवरच्या चिठ्ठीत बघून काढलेली, शिरोरेघ वर तरंगत होती, अनुस्वार एका बाजूला पळालेला. बोलणं झालं?

एक सप्टेंबरला मी सकाळी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, तारीख वर येईल असं. डावा हात त्यावर ठेवला, पालथा नाही, उघडा. फोटो काढला आणि छापून घ्यायला चौकातल्या स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं तो पडद्यावर मोठा करून पाहिला.

"आजी, हातात काही धरायचं राहिलं का? परत काढू?"

"नको. एवढंच आहे."

त्यानं छापून दिला. त्याच्याच काउंटरवर पेन मागून घेतलं, फोटो उलटा केला, आणि मागं एकच शब्द लिहिला, मोठ्या अक्षरात, तिला गिरवायला सोपा जाईल असा: नाही.